मावशींच्या गोधडीची पट्टी

आपण शेतकरी माणसे. बाजार आपल्याला नवा नाही. कांदा घेऊन आपण तालुक्याला जातो. माल उतरतो, वजन होते, लिलाव होतो. मग हातात एक कागद येतो. त्याला आपण पट्टी म्हणतो. पट्टीवर वर मालाची किंमत असते आणि खाली कापलेल्या रकमा असतात. हमाली, तोलाई, वाराई. वाचता येत नव्हते तेव्हा आपण एकच गोष्ट विचारत होतो, "किती आलं?" मधल्या ओळी दुसऱ्याने वाचायच्या आणि आपण मान हलवायची. आता मधल्या ओळीही आपल्याला वाचता येतात.

आज एका नव्या तऱ्हेची पट्टी वाचू या. ही पट्टी कागदावर येत नाही, मोबाईलवर येते.

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक मावशी येतात. वय साठीच्या घरात. हात मोठा सुबक. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. बारीक धावदोरा, काठाला रंगीत पट्टी, चारी कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळे. पूर्वी त्या लेकीसुनांसाठी शिवत. गेल्या वर्षी नातवाने एका गोधडीचे फोटो काढले आणि मोबाईलवरच्या बाजारात लावले. किंमत लिहिली १,००० रुपये. आठ दिवसांत गोधडी विकली गेली. पुण्याच्या एका बाईंनी घेतली. घरात आनंद झाला.

पुढे पैसे बँकेत जमा झाले. जमा रक्कम होती ७१६ रुपये ८० पैसे.

मावशी मोबाईल घेऊन वर्गात आल्या. म्हणाल्या, "हजाराची गोधडी, आन् हातात सातशे सोळा? बाकीचं कुणी खाल्लं वो गुरुजी?"

आम्ही म्हणालो, "मावशी, पट्टी उघडा. तुम्हीच वाचा."

मावशींनी चष्मा लावला. अक्षर लावत लावत वाचले. सगळा वर्ग ऐकत होता. पट्टीत असे होते:

विक्रीची किंमत १,००० रुपये. बाजाराचे कमिशन, शेकडा १२ प्रमाणे, १२० रुपये. ठरीव आकार ३० रुपये. पोचवणावळ ९० रुपये. या तिन्हींची बेरीज २४० रुपये. त्यावर जीएसटी, शेकडा १८ प्रमाणे, ४३ रुपये २० पैसे. एकूण कपात २८३ रुपये २० पैसे. खात्यात जमा ७१६ रुपये ८० पैसे.

(कमिशन आणि इतर आकार प्रत्येक बाजाराचे निराळे असतात, आणि मालागणिकही बदलतात. तुमच्या पट्टीत दुसरे आकडे असतील. पण त्या आकारांवरचा कर मात्र शेकडा १८ असाच दिसेल.)

पहिल्या तीन ओळी वर्गाला लगेच समजल्या. कमिशन म्हणजे अडत. ठरीव आकार म्हणजे दर नगामागे घेतलेली रक्कम. पोचवणावळ म्हणजे गाडीभाडे. आपला माल दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवला, त्याने गिऱ्हाईक आणले, माल पोचवला. त्याचे पैसे तो घेणारच. अडला तो चौथ्या ओळीवर. जीएसटी.

मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "जीएसटी व्यापाऱ्याला असतो. मावशीला कशाचा जीएसटी? दोन गोधड्या शिवणारी बाई ती!"

काकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बरोबर अर्धे आधी बघू.

जीएसटी म्हणजे वस्तू आणि सेवा कर. तो १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला. माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री आपल्या महाराष्ट्रात ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर साधारणपणे त्याला जीएसटीत नाव नोंदवावे लागत नाही. गोव्यातही मालासाठी हीच मर्यादा आहे. मावशींची वर्षाची विक्री दहा हजारही नाही. म्हणून मावशींच्या गोधडीवर कर नाही. पुण्याच्या बाईंकडून मावशींनी कर घेतलेला नाही, आणि घ्यायचाही नाही. ज्याचे नाव जीएसटीत नाही, त्याने गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून एक पैसाही घेणे हा गुन्हा आहे. हे नीट लक्षात ठेवा.

आता काकांचे चुकलेले अर्धे. पट्टीतला कर गोधडीवर नाहीच. तो त्या २४० रुपयांवर आहे. बाजार चालवणाऱ्या कंपनीने मावशींना सेवा दिली आणि त्या सेवेचे २४० रुपये घेतले. त्या सेवेवर सरकारने कर बसवला आहे. म्हणजे गोधडी विकताना मावशी विकणाऱ्या आहेत. पण कंपनीची सेवा घेताना मावशी गिऱ्हाईक आहेत. गिऱ्हाइकाला कर चुकत नाही. आपण मोबाईलचा रिचार्ज मारतो. त्यातही शेकडा १८ कर असतोच. तेथे कोणी विचारत नाही, "तुम्ही व्यापारी आहात काय?"

पट्टीत एक गोष्ट पुष्कळांना फसवते. काहींच्या पट्टीत सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ अशा दोन ओळी दिसतात. काहींच्या पट्टीत आयजीएसटी १८ अशी एकच ओळ दिसते. दोन ओळी दिसल्या म्हणजे कर दोनदा लावला असे नव्हे. कंपनीने आपल्याच राज्यातल्या नोंदणीवरून बिल केले की कराचे दोन भाग होतात, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. दुसऱ्या राज्यातून बिल केले की एकच ओळ येते. बेरीज अठराच.

आता खरा मुद्दा ऐका. त्याच बाजारात तालुक्याचा एक कापडव्यापारीही गोधड्या विकतो. त्याच्या गोधड्या यंत्रावर शिवलेल्या. तोही कमिशन देतो, पोचवणावळ देतो, त्यावर शेकडा १८ कर देतो. पण त्याचे नाव जीएसटीत आहे. त्यामुळे त्याला एक सोय मिळते. सेवेवर भरलेला कर तो गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून वळता करून घेतो. समजा, गिऱ्हाइकाकडून त्याला ५० रुपये कर मिळाला आणि कंपनीला त्याने ४४ रुपये कर दिला. तर सरकारात तो फक्त ६ रुपये भरतो. कंपनीला दिलेला कर त्याच्या अंगावर राहत नाही. तो त्याच्या हातातून पुढे सरकतो.

मावशींच्या हातातून तो सरकत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाकडून कर घेतलेलाच नाही. मग वळता करणार कशातून? ४३ रुपये २० पैसे मावशींच्या अंगावरच बसले.

पूर्वी असे नव्हते. महाराष्ट्रात आधी विक्रीकर होता, २००५ पासून त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला. हे कर मालावर, आणि राज्याचे. सेवेवरचा कर वेगळा, आणि तो केंद्राचा. १९९४ मध्ये तो सुरू झाला. एक कर दुसऱ्यातून वळता होत नव्हता. म्हणून २०१७ पूर्वी कमिशनवरचा कर माल विकणाऱ्या मोठ्या दुकानदाराच्या अंगावरही बसत असे. २०१७ मध्ये दोन्ही कर एक झाले. मोठ्याची वाट मोकळी झाली. लहान माणूस मात्र होता तेथेच राहिला.

वर्गातल्या एकीने विचारले, "हजारात त्रेचाळीस रुपये. एवढं काय मोठं?"

हजाराकडे पाहिले तर मोठे नाही. पण हजार रुपये मावशींची मजुरी नाही. अस्तर, आतले कापड, दोरा यांना ३५० रुपये लागले. कर नसता तर हातात ७६० आले असते आणि सामान वजा जाऊन मजुरी ४१० उरली असती. कर गेल्यावर मजुरी उरली ३६६ रुपये ८० पैसे. म्हणजे मजुरीच्या दहाव्या हिश्शाहून थोडा जास्तच कर गेला. गोधडीला पंधरा दिवस लागले. दिवसाला पडले चोवीस रुपये आणि काही पैसे. मावशींनी पाटीवर भागाकार केला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

आम्हांलाही तो आकडा टोचला. जो इतका लहान आहे की सरकारच त्याला कराच्या बाहेर ठेवते, त्याच्याच अंगावर हा कर पक्का बसतो आणि मोठ्याच्या अंगावरून घसरतो. ही गोष्ट आम्हांला बरी वाटत नाही. पण हिशोब अर्ध्यावर सोडून रागावणे बरे नव्हे. म्हणून आम्ही मावशींना विचारले, "हजार हा भाव ठरवला कसा?"

मावशी म्हणाल्या, "त्या व्यापाऱ्याची गोधडी हजार पन्नासला होती. म्हटलं, आपण पन्नास कमी लावू. म्हंजे आपली आधी जाईल."

येथे मावशींचे गणित चुकले होते. व्यापाऱ्याच्या १,०५० रुपयांत ५० रुपये कर धरलेला आहे. ते ५० त्याचे नव्हेतच. त्याचा खरा भाव १,०००. गिऱ्हाइकाला मात्र करासह १,०५० च दिसतात. मावशींना गोधडीवर कर नाही. म्हणून मावशींनी १,०५० भाव लावला असता तरी गिऱ्हाइकाला दोन्ही गोधड्या सारख्याच पडल्या असत्या.

तसा हिशोब मांडून बघू. भाव १,०५०. कमिशन १२६. ठरीव आकार आणि पोचवणावळ मिळून १२०. बेरीज २४६. त्यावर कर ४४ रुपये २८ पैसे. एकूण कपात २९० रुपये २८ पैसे. मावशींच्या हातात ७५९ रुपये ७२ पैसे.

व्यापाऱ्याच्या १,०५० मधून कमिशन वगैरेचे २४६ गेले आणि कराचे ५० गेले. राहिले ७५४. अस्तराच्या कापडावर आणि दोऱ्यावर भरलेला करही तो वळता करून घेतो, म्हणून शेवटी त्याचे थोडे जास्त सुटते. पण दोघांत फार अंतर राहत नाही.

म्हणजे मावशींचे नुकसान नुसत्या कराने झाले नाही. कर आहे हे माहीत नसताना भाव ठरवला, तेथे ते झाले. व्यापारी कर बाजूला काढून भाव ठरवतो. मावशींनी त्याचा कर सोडून दिला आणि आपला कर अंगावर घेतला.

काका पुन्हा म्हणाले, "मग मावशीनं बी जीएसटीचा नंबर काढावा. वळता होईल."

काढता येतो. नंबर काढायला सरकारी फी नाही. पण एकदा नाव नोंदवले की विक्रीची पत्रके ठरल्या तारखेला भरावी लागतात. एकही गोधडी विकली नाही, तरी 'काही विक्री नाही' असे पत्रक भरावे लागते. उशीर झाला तर दंड पडतो. पत्रके भरून देणाऱ्याला पैसे द्यावे लागतात ते वेगळेच. वर्षाला आठ-दहा गोधड्या विकणाऱ्या बाईला हे परवडणार नाही. चाळीस रुपयांच्या करासाठी शंभराचे लोढणे गळ्यात कोण बांधून घेईल?

पूर्वी मात्र हे लोढणे सक्तीचे होते. मोबाईलवरच्या बाजारात माल विकायचा तर विक्री कितीही लहान असो, जीएसटीत नाव हवेच, असा नियम होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो सैल झाला. आता मर्यादेच्या आत विक्री असणाऱ्याला जीएसटीचा नंबर नसतानाही या बाजारात माल विकता येतो. त्याला पॅन कार्ड मात्र हवे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पॅन आणि पत्ता देऊन एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. हा नंबर मिळाल्यावरच विक्री सुरू करायची. त्यालाही फी नाही. एनरोलमेंट नंबर आणि जीएसटी नंबर या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एनरोलमेंट नंबरवाल्याने कर गोळा करायचा नाही आणि व्यापाऱ्यासारखी पत्रकेही भरायची नाहीत. 'नंबर काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर कोणता नंबर ते आधी विचारा.

या सवलतीला एक कुंपण आहे. माल आपल्याच राज्यात विकायचा. दुसऱ्या राज्यात नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याहून गोव्याची हद्द अगदी जवळ. पण बांद्याच्या बाईला या सवलतीत पेडण्याच्या गिऱ्हाइकाला गोधडी विकता येत नाही. गडचिरोलीच्या गिऱ्हाइकाला येते! अंतर कितीही असो, राज्य एक हवे. निपाणी-कागल भागात नातीगोती दोन्हीकडे असतात, तेथेही तीच गोष्ट.

जीएसटीत नाव असलेल्यांच्या विक्रीतून कंपनी अर्धा टक्का रक्कम आधीच कापून सरकारात भरते. पट्टीत तिला टीसीएस म्हणतात. हा दर जुलै २०२४ पर्यंत एक टक्का होता. एनरोलमेंट नंबरवर विकणाऱ्यांच्या पट्टीत ही जीएसटीची टीसीएस कापायची नसते. तुमच्या पट्टीत दिसली तर कंपनीला लेखी विचारा.

आणखी एक प्रकार आहे. सगळेच काही शिवून विकत नाहीत. कोणाच्या घरी शिलाई मशीन पडून असते, कोणाची जुनी सायकल असते. ती मोबाईलवर विकायला लावतात. घरातली वापरलेली वस्तू कधीमधी विकणे हा व्यापार नव्हे. त्या विक्रीवर जीएसटी नाही. पण त्या बाजाराने जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी काही आकार घेतला, तर त्या आकारावर शेकडा १८ कर आहेच, आणि तो वळता करायला येथेही वाट नाही. हा हिशोब पाटीवर करून बघा. मशीन २,००० रुपयांना गेले. बाजाराने १०० रुपये आकार घेतला. हातात किती आले? ज्यांनी १,९०० लिहिले, त्यांनी पुन्हा करा. उत्तर १,८८२ आहे.

काही बाजार 'आम्ही कमिशन घेत नाही' असे सांगतात. खोटे नसते ते. पण पोचवणावळीची ओळ बघा. तिच्यावरही कर असतो. आणि गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर काय होते, हेही आधी विचारून घ्या. कमिशन परत मिळाले तर त्यावरचा करही परत मिळायला हवा. जाण्यायेण्याच्या भाड्याचे नियम बाजारागणिक वेगळे असतात. विक्री होत नाही आणि भाडे अंगावर येते, असेही घडते.

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गाला लवकर आल्या. म्हणाल्या, "मला उलटा हिशोब शिकवा. हातात किती यावं ते मी ठरवणार. भाव मग काढू."

उलटा हिशोब असा. कमिशन शेकडा १२. त्यावर कर धरून शेकडा १४ रुपये १६ पैसे. ठरीव आकार आणि पोचवणावळ १२०. त्यावर कर धरून १४१ रुपये ६० पैसे. हातात ८०० हवे असतील, तर ८०० मध्ये १४१ रुपये ६० पैसे मिळवा. झाले ९४१ रुपये ६० पैसे. शंभरातून १४ रुपये १६ पैसे गेले म्हणजे ८५ रुपये ८४ पैसे उरतात. ९४१.६० ला ८५.८४ ने भागा आणि शंभराने गुणा. येतात १,०९७ च्या आसपास. सरळ १,१०० लावा. ज्यांना भागाकार जड जातो त्यांनी अंदाजाने भाव धरावा, त्यातून कपात काढून बघावी आणि हवे तितके येईपर्यंत भाव वाढवत जावा. उत्तर तेच येते, थोडा वेळ जास्त लागतो.

मावशींनी १,१०० चा हिशोब मांडला. कपात २९७ रुपये ३६ पैसे. हातात ८०२ रुपये ६४ पैसे. सामान वजा जाऊन दिवसाला तीस रुपये.

"तीस?" मावशी म्हणाल्या. "भुईमूग फोडायला बसले तरी याच्याहून जास्त मिळतील. त्याची गोधडी यंत्राची. एका पावसाळ्यात उसवती. माझ्या सासूबाईंनी शिवलेली अजून घरात हाय. त्याच्या भावाशी मी कशाला बांधून घेऊ?"

त्यांनी पाटी पुसली आणि १,५०० लिहिले. कमिशन १८०. बाकीचे आकार १२०. बेरीज ३००. कर ५४. हातात १,१४६. सामान वजा जाऊन ७९६. दिवसाला त्रेपन्न रुपये. फोटोखाली नातवाने लिहिले: 'हाताने शिवलेली, जुन्या लुगड्यांची, पंधरा दिवसांचे काम.' ही ओळ मावशींनी स्वतः वाचून तपासली. 'लुगड्यांची' मधला रफार नव्हे, तर अनुस्वार राहिला होता, तो त्यांनीच घालायला लावला.

गोधडी अजून विकली गेलेली नाही. तीन बायकांनी भाव विचारून ठेवला आहे. विकली गेली की पट्टी वर्गात आणायची, असे मावशींनी कबूल केले आहे. आणि मधल्या ओळी या वेळी काका वाचणार आहेत.